मधोमध अडणारं हँडल

दादाच्या गाडीत दादा आहे, हे आमच्या घरात सगळ्यांनी आपापल्या परीनं मान्य करून टाकलं होतं. उंच, जाड दातेरी टायरांची ऑफरोड मोटरसायकल. संत्र्याच्या बगीच्यातल्या बांधांवरून, नाल्यातल्या गोट्यांवरून माझा मोठा भाऊ ती उडवत न्यायचा. रामाकोना गावाच्या अलीकडच्या वळणावर ती वळलीच नाही, सरळ नाल्यात गेली, आणि दादा गेला. लोक म्हणाले, कुत्रं आडवं आलं असेल. कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं. गाडीला मात्र नावापुरतं खरचटलं होतं.

पुढे बरेच महिने ती गोठ्यात उभी राहिली. मग मी तिला शाळेत जायला घेतली. माझी शाळा रामाकोन्याच्या पलीकडे, म्हणजे वळण रोजचंच. चाक सरळ झालं की हँडल मधोमध येऊन खट्ट बसायचं. वळवायला गेलं की आधी ऐकायचं नाही, आणि मग एकदम जास्तच ऐकायचं. त्या वळणावर तर माझ्या हातांवर दुसरे हात असल्यासारखं वाटे, आणि त्या हातांना सरळच जायचं असे. मला भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर ती भीती मला हवीशीही होती, कारण दादा म्हणून तेवढंच उरलं होतं.

आई म्हणाली, "जामसांवलीले नेऊ तिले." भल्याभल्यांची बाधा तिथल्या हनुमानाच्या देवळात उतरते, मग मोटरसायकलची का नाही? नेली. हँडलला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं. परत येताना पहिल्याच वळणावर खट्ट. हनुमंतानं भुतं पुष्कळ उतरवली असतील, पण नटबोल्टाचं खातं त्याच्याकडे नसावं.

मला काय झालंय ते ठाऊक होतं. हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या वर आणि खाली एकेक बेअरिंग असतं. आमच्याकडचे मेकॅनिक त्या जोडीला कोनसेट म्हणतात. ती खराब झाली की हँडल मधोमध अडतं. दादाच्या हाताखाली पाने-पकड देत मी हे सगळं शिकले होते. मी बाबांना म्हटलं, कोनसेट बदलते.

"नोको खोलू बेटा. त्याचा हात आहे तो," बाबा म्हणाले.

माझे बाबा भुताखेतांना हसणारे. वावरातल्या म्हसोबालाही पोरंबाळं नाराज होऊ नयेत म्हणून नमस्कार करणारे. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला भडभडून आलं, आणि मी कोनसेटचा विषय सोडून दिला.

मग एक दिवस त्याच वळणावर समोरून संत्र्यांचा ट्रक आला. मी हँडल वळवलं, ते अडलं. ट्रकवाल्यानं ऐनवेळी ट्रक बाजूला घेतला म्हणून मी आज हे लिहिते आहे. घरी येऊन सगळं सांगितलं. आईनं गाडीला शिव्या घातल्या. बाबा म्हणाले, "विकून टाक. पण खोलू नोको." मला संताप आला. मेलेल्याचा हात जपायचा म्हणून जिवंत पोरीला नाल्यात घालायची का? मी तसं बोलूनही दाखवलं. ते उठून बगीच्यात गेले.

मी खोलायचंच ठरवलं. सौंसरात कोनसेट मिळाला नाही, पांढुर्ण्याहून आणला. नव्या वाट्या, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या पोलादी कड्या, फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवल्या. गार झाल्या की त्या किंचित आकसतात आणि नीट बसतात. रविवारी सकाळी संत्र्याच्या पेट्यांवर गाडी चढवली, पुढचं चाक काढलं, धक्के झेलणारे शॉकअप काढले. बाबा बोलावलं नसताना आले आणि मागून गाडी धरून उभे राहिले. वरचा नट सोडवला, दांडा खाली उतरवला.

ग्रीस नव्हतंच. लाल चिखल होता, गंजाचा. वाटीत मधोमध खळगे पडले होते, एका ओळीत. खट्ट तिथंच बसत होतं.

पाणी. आणि पाणी कुठून आलं तेही मला त्याच क्षणी कळलं. आमच्याकडे संत्र्यावर फवारणी झाली की पंपातलं औषध धुऊन काढायला साधं पाणी सोडतात, आणि ते वाया कशाला घालवायचं म्हणून त्याच जोरानं गाड्या धुतात. घरोघरी हेच. दादाची गाडी बाबा स्वतः धुवायचे. हँडलखाली चिखल फार बसतो म्हणून पंपाची गन तिथं जवळ धरून, लाडानं. बेअरिंगमधलं ग्रीस तेव्हाच वाहून गेलं असणार. म्हणजे दादा होता तेव्हाही हँडल अडत असणार. त्या दिवशीही.

मी जुनी वाटी ठोकून काढली आणि मुठीत लपवली. बाबांना हे कळलं तर ते जगणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

"जुनं झालं होतं, बाबा. झिजते," मी म्हटलं.

ते गाडी धरून तसेच उभे होते.

"त्यानं मले सांगतलं होतं," ते म्हणाले. "बाबा, तिथं पंप नोका मारू, हँडल अडकून राहिलं. मी म्हटलं, लोखंड आहे का गुळाची भेली, पाण्यानं विरघळाले?"

मी खाली बघत नव्या वाटीला ग्रीस लावत राहिले. लावून झालेल्या ठिकाणीच पुन्हा लावत होते.

"भूत असतं त बरं झालं असतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुले काय वाटते बेटा? त्या पाण्यानंच झालं?"

मी "नाही" म्हटलं. लगेच म्हटलं. इतक्या लगेच, की त्यांना ते खरं वाटणं शक्यच नव्हतं.