मूळचं इंजिन

कुणी गाडी दाखवायला आणली की काशिनाथ मिस्त्री आधी तिच्याकडे पाठ करून बसायचा. गाडीवाला कौतुक सांगत राहायचा, हा विडी संपवायचा. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचा. जिथे ते चिकटायचं नाही, तिथे रंगाखाली नुसती पुट्टी भरलेली. "पत्रा कुठं हाय रे? ही तर इडली हाय," म्हणून तो चुंबक खिशात टाकायचा. शहापुरातल्या त्याच्या शेडमधून मोठमोठी माणसं रडवेली होऊन परतताना मी पाहिली आहेत.

मला तो कधीच आवडला नाही. महिनोन्महिने बनियन न धुणारा हा इसम सगळ्या जगाला नावं ठेवायचा. विकणारा चोर, घेणारा येडा, आणि माझ्यासारखा शाळामास्तर म्हणजे "कागद वाचनारं जनावर". मुंबईहून पांढऱ्या बुटातले शौकीन यायचे, त्यांच्याबद्दल म्हणायचा, "यांना गाडी नको, फोटो पायजे." एवढं एक मात्र खरं बोलायचा.

पण जुन्या अमेरिकी गाड्यांत त्याचा शब्द चालायचा, म्हणून मला त्याच्याकडे जावं लागलं. मुरबाडला आमच्या गोठ्यात वडिलांची अमेरिकी मोटार वीस वर्षं उभी होती. डोळखांबपर्यंतचे कितीतरी नवरदेव तिच्यातून मिरवले होते. आईचे दोन्ही गुडघे गेले होते, ती घरात बसून सरकायची. ऑपरेशनसाठी गाडी विकायची होती. मुंबईच्या गिऱ्हाइकाची अट एकच, इंजिन मूळचं हवं. बदललेलं असेल तर त्याला गाडीच नको. रविवारी येऊन दोन शब्द बोला, असं मी मिस्त्रीला सांगितलं. तो आला.

तोवर मी शहाणपणा करून बसलो होतो. म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजाराला नेताना बैलांची शिंगं रंगवतात, तशी मी गाडी लालभडक रंगवून घेतली होती. मिस्त्री बघून थुंकला. "म्हशाला नेतोस काय रे मास्तर? झूल पन घाल. इतकी वर्सं टिकलेला रंग घासून काढलास. अडान्यानं नसता काढला."

गिऱ्हाइकानेही रंग बघून नाक मुरडलं. पण बॉनेट उघडून त्याने इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. नंबर जुळला होता. सौदा पक्का करायला त्याने हात पुढे केला.

"तो नंबर मी ठोकलाय," मिस्त्री म्हणाला.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"याच्या बापाच्या हातात इंजिन जाम झालं. दुसऱ्या भंगार गाडीचं टाकलं. आरटीओचे हेलपाटे नकोत म्हनून त्याचा नंबर घासला न् जुना ठोकला. सातचा पाय बगा, वाकडा हाय. माझा आकडे ठोकायचा पंचच तसा होता."

गिऱ्हाईक निघून गेलं. मी त्याच्याकडे वळलो. "मिस्त्री, आईचे गुडघे बघितलेत ना तुम्ही? गप्प बसता येत नव्हतं?"

"जलमभर लोकांना चोर म्हनलं रे. हा एक नंबर पोटात ठेवून म्हनलं. आता नाय ठेववत."

म्हणजे याच्या पोटाचं ओझं उतरावं म्हणून माझ्या आईने सरकत राहायचं! मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एस्टीने परत गेला. मी पुन्हा त्याच्याकडे फिरकलो नाही. गेल्या उन्हाळ्यात तो वारला, तेव्हा मयतालाही गेलो नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. त्यानेही नंबर ताडून पाहिला.

"इंजिन मूळचंच ना, सर?"

"हो," मी म्हणालो.

आई आता चालते. चार घरं टाकून बहिणीकडे जाऊन बसते. मुलाने नाव काढलं, म्हणून सगळ्यांना सांगते. मी मात्र वर्गात खोटं बोललेल्या मुलाला जाब विचारायला जातो, तेव्हा माझी जीभ रेटत नाही. मी त्याला खाली बसायला सांगतो.