रडण्याची तालीम

दिलसुखनगरच्या तिसऱ्या मजल्यावरून चतुराबाईंनी हाक मारली की कोपरा ओलांडून गेलेला भाजीवाला गाडा वळवून परत येई. असा त्यांचा आवाज. नांदेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या हैदराबादला आल्या, सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि बाळंतिणींना धीर देता देता निवृत्तही झाल्या. विहारात गाणं म्हणायला उभ्या राहिल्या की आधी माईक बाजूला सारत. अशी ही बाई पोटच्या पोराच्या मातीला मात्र गप्प बसली होती, आणि ते त्यांच्या जिवाला चार वर्षं डाचत होतं.

रवी त्यांचा थोरला. कुकटपल्लीत औषधं पॅक करण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्या दिवशी घाईघाईत डबा ओट्यावर विसरून गेला आणि दुपारी कामावरच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय. संध्याकाळी त्याला घरी आणलं. चतुराबाईंनी त्याच्या उशाशी बसून छाती भरून श्वास घेतला. त्यांच्या आईनं, आजीनं असंच केलं असतं. त्यांच्याकडे बायका हेल काढून रडतात. गेलेल्याला नावानं हाक मारायची, त्याचं खाणं, बोलणं, रुसणं एकेक काढून सुरात सांगायचं, मन रितं होईपर्यंत. तेवढ्यात धाकटी सुमेधा कानाशी वाकली.

"आई, हेल नको ना काढू. फ्लॅटमधले लोगां बघायलेत."

चतुराबाईंनी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. मग भन्ते आले, त्रिशरण झालं, मेणबत्त्या लागल्या, सगळं नीट पार पडलं. सुमेधाचं तरी काय चुकलं? बँकेत नोकरी करणारी मुलगी, जन्मभर लोकांच्या नजरा झेलत वर आलेली. चतुराबाईंना ते कळत होतं. पण कळलं म्हणून गळ्यात अडकलेलं खाली उतरतं थोडंच! त्यावर मायलेकी पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत.

आणि मग अमेय आला. बरकतपुऱ्यातल्या जुन्या वकिलांच्या घरातला हा मुलगा; वकिली सोडून नाटकाच्या नादी लागला म्हणून घरच्यांनी केव्हाच कपाळाला हात लावलेला. शंभर वर्षांपूर्वीचं एक संगीत नाटक तो नव्यानं बसवत होता. ऑर्गन नाही, तबला नाही. पाट्यावर फिरणारा वरवंटा, परातीत पडणारे तांदूळ आणि माणसांचे आवाज, एवढंच संगीत. नटमंडळींत निम्म्यांना मराठी वाचता येत नव्हतं. राणीचं काम करणारी स्वाती तर आपली सगळी भाषणं तेलुगू अक्षरांत लिहून आणी, पण बोलायची ठणठणीत. चतुराबाईंना अमेयनं विहारातल्या कार्यक्रमात ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी येऊन त्यांना दाईचं काम दिलं. मूळ नाटकात ही दाई राजपुत्राला लहानाचा मोठा करते आणि पुढे चवरी ढाळत मुकाट उभी राहते.

राजपुत्र शशिसेन लढाईत पडतो. त्यावर राणीचं एक लांबलचक पद होतं. अमेयची आत्या भारतीबाई तरुणपणी राणी झाली होती. तिला त्या पदाला हमखास वन्समोर मिळायचा. म्हणजे मुलगा समोर मरून पडलेला, आणि पब्लिकच्या आग्रहाखातर आई पुन्हा पहिल्यापासून रडणार. अमेयनं ते पद काढून टाकलं. आत्यानं दोन दिवस अबोला धरला.

"मावशी, तुमच्याकडे बाया कशा रडतात?" त्यानं तालमीत विचारलं.

"हेल काढतात."

"मग राणी नको, दाईच रडेल. दाखवा ना जरा."

चतुराबाई दचकल्या. "असं उगंच काढत नसतेत लेका. घरोघर जितीजागती माणसं हाईत. आन् रडायची कुठं तालीम राहते का? खेळाच्या दिवशी काढीन मी, एकडाव."

अमेयनं खूप विनवलं, पण बाई बधल्या नाहीत. त्यामुळे रोज तालमीत तो प्रवेश आला की चतुराबाई मांडी घालून बसत, थोडा वेळ जमिनीकडे बघत आणि म्हणत, "हां, रडले मी. चला पुढं." पोरं खिदळत. त्या हसण्यात एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून निसटली. हेल कधी एकटीनं आटोपता येत नाही. एक रडायला बसली की दुसरी येते, गळ्यात पडते, तिच्यासोबत रडते आणि मग तिला उठवते. ते अमेयला ठाऊक नव्हतं. आणि चतुराबाईंना ते सांगायचं सुचलंच नाही, कारण बाईला एकटीला रडत सोडून देणारी माणसं त्यांनी पाहिलीच नव्हती.

प्रयोग काचीगुड्याजवळच्या एका हॉलमध्ये होता. सुमेधा बँकेतल्या मैत्रिणींना घेऊन पुढे बसली होती. आई काम करते याचं तिला कौतुक होतं; काय काम करते ते मात्र आईनं नीटसं सांगितलं नव्हतं.

शशिसेन पडला. प्रेताच्या जागी अमेयनं एक सदरा ठेवला होता, बाह्या पसरलेला. चतुराबाई त्याच्याजवळ बसल्या, त्यांनी श्वास घेतला आणि हेल काढला.

"माझ्या शशिसेना रे..."

तांदळाची परात धरलेल्या मुलीचा हात जागीच राहिला. नाव चतुराबाईंनी शेवटपर्यंत राजपुत्राचंच घेतलं, त्यात चूक केली नाही. पण पुढचं काही राजपुत्राचं नव्हतं. "कारल्याला नाक मुरडायचास रे राजा. बहिणीची फी भरली, अन् सोता जुन्या चपला घातल्या रे. वट्यावर डबा राहिला रे, कुणाला वाढू रे मी..." लोकांना वाटलं, नव्या नाटकाची ही नवी तऱ्हा असेल. पुढच्या रांगेत सुमेधानं तोंडावर पदर दाबला.

मनातलं सरलं तरी हेल थांबेना. चतुराबाई पुन्हा पहिल्यापासून निघाल्या. आता कुणीतरी यावं, एवढंच त्यांना कळत होतं. समोर स्वाती आपल्या वाक्याची वाट बघत खांबासारखी उभी होती. विंगेत अमेय हात चोळत होता. दिवा घालवावा की नाही, त्याला समजेना. चतुराबाईंचा आवाज चिरकला, श्वास पुरेना, तरी त्या ओढतच राहिल्या. इतकं एकटं त्यांना चार वर्षांत वाटलं नव्हतं. मातीच्या दिवशीसुद्धा नाही.

आणि खांद्यावर हात पडला.

सुमेधा होती. मैत्रिणींच्या पायांतून वाट काढत, सगळ्या हॉलदेखत ती पायऱ्या चढून वर आली होती. आईला उठवावं, झालं पुरे म्हणावं, म्हणूनच ती आली होती. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले, तोंड उघडलं. तिला हेल येत नव्हता. कुणी शिकवला नव्हता, आणि तिनं शिकवूही दिला नसता. अखेर तिच्या तोंडून निघालं ते नुसतं "दादा". मग पुन्हा "दादा". ना सूर, ना ताल, एखाद्या लहान मुलीनं गर्दीत हरवून हाक मारावी तसं. ते काही केल्या थांबेना.

लेकीचं रडणं कानावर पडलं आणि चतुराबाईंचा हेल आपोआप खाली आला. त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि तिला रडू दिलं, बराच वेळ. समोर माणसं बसली आहेत, दिवे लागले आहेत, तरी कशाची म्हणून घाई केली नाही. ती हुंदक्यांवर आली तेव्हा त्यांनी पदरानं तिचं नाक-डोळे पुसले.

"ऊठ माय," त्या म्हणाल्या. "ऊठ आता. लई रडलीस."

आणि लेकीला काखेत धरून त्यांनी उभं केलं.