चतुरांची वाट पाहणाऱ्या टिपणीसबाई

टिपणीसबाईंच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसे, पण चहाची गाळणी हमखास असे. कुठे डबकं दिसलं की बाई पदर खोचून उकिडव्या बसत, गाळणी पाण्यात फिरवत आणि आत काय वळवळतंय ते मला दाखवत. पनवेलच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. मला किड्यांची किळस. "अहो, तो लाजतोय, तुम्ही कशाला घाबरता?" असं त्या पाणविंचवाबद्दल म्हणत, तोवर मी लांब पळालेली असे. असं चिडवणारं आता कुणी नाही, आणि ते फार जाणवतं.

त्यांचा खरा जीव करंजाड्यापलीकडच्या एका गावातल्या तळ्यात. पलीकडे खाडी, मधे मातीचा बांध, अलीकडे गोडं पाणी. रविवारी त्या मला तिथे ओढत नेत. पाण्यावर पाणनिवळ्या सुळकन पळत, काठच्या गवतावर जाळीदार पंखांचे चतुर बसलेले असत. बाई एकट्या राहायच्या, पण तळ्यावर माहेरी आल्यासारख्या यायच्या.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी भूकंपाचा हलका धक्का बसला. आमच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. गावचा बांध मात्र खेकड्यांनी आधीच पोखरलेला होता. तो खचला आणि उधाणाचं खारं पाणी तळ्यात शिरलं. आठवड्याने आम्ही गेलो, तर पाण्यावर एकही निवळी नव्हती. बाई गाळणी फिरवत राहिल्या, ती रिकामीच वर येई. "सगळे गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या गावात बांध फुटला की घरटी एक माणूस मातीकामाला येई. जे घर येणार नाही, त्याला बैठकीत बोलायचा हक्क नाही. बांध घालायच्या दिवशी बाई घमेलं घेऊन रांगेत उभ्या! तळ्याशेजारच्या हिराबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "बाई, तुमचा घर कंचा?" बाईंनी तळ्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले, पण संध्याकाळपर्यंत चिखल वाहणाऱ्या बाईंना कुणी परत पाठवलं नाही.

पावसाळ्यात तळं धुऊन निघालं, पाणी गोडं झालं आणि सगळ्यांत आधी आले ते डास. हिराबाईंची नात तापाने फणफणली. पाण्यावर काळं तेल ओतायचं ठरवायला बैठक बसली. बाई उभ्या राहिल्या. "तेल ओतलंत तर डासांबरोबर त्यांना खाणारेही मरतील. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात, डासांच्या अळ्या खाऊन. ती उशिरा येतात, पण येतात."

"आनि तवर आमच्या पोरी तापानं मरू द्याच्या?" हिराबाई कडाडल्या.

"नाही. मच्छरदाण्या मी आणते, डॉक्टरलाही मी घेऊन येते. दसऱ्यापर्यंत थांबा. नाही आले, तर तेल मीच ओतेन."

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाईचा घर बांधावर आलता. थांबू." हिराबाई तोंड फिरवून निघून गेल्या.

बोलल्याप्रमाणे बाईंनी मच्छरदाण्या आणल्या, डॉक्टर आणला; हिराबाईंची नात बरी झाली. शिवाय कॉलेज सुटलं की बाई तळ्याकाठी गाळणीने डासांच्या जमतील तेवढ्या अळ्या काढत बसत. मी रागावले की म्हणत, "डासांना शिव्या देऊ नका. पुढच्या पाहुण्यांचं जेवण आहे ते." भाद्रपदात त्यांना स्वतःलाच तापाने धरलं. तो उतरेचना. शेवटी नाशिकचा पुतण्या त्यांना न्यायला आला. गाडीत बसताना त्यांनी मला विचारलं, "आले का?"

"अजून नाही."

"येतील. उशीर करायची त्यांची सवयच आहे."

नवरात्रात पुतण्याचा फोन आला. बाई गेल्या. त्या रविवारी मला घरात बसवेना, म्हणून एकटीच तळ्यावर गेले. हिराबाई काठावर पहाऱ्याला बसल्यासारख्या बसल्या होत्या. मला पाहताच धावत आल्या, हाताला धरून गवतापाशी घेऊन गेल्या. काडीकाडीला चतुरांच्या पिल्लांनी पाण्याबाहेर येऊन टाकलेल्या रिकाम्या काती चिकटल्या होत्या आणि वर चतुर भिरभिरत होते.

"पोरांना हात लावू दिला नाय मी. बाई येतील तवा बगतील. कंदी येतील त्या?"

मी सांगितलं. हिराबाई गवतापाशी खाली बसल्या. वाकलेली एक काडी त्यांनी कातीसकट हलकेच सरळ केली.

"मंग आता हे मी कोनाला दाखवू?"