गेस्टची मेमरी आणि आमची माणसं

आमच्या ऑफिसात प्रत्येक बगची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीची, नोंद होते. तारीख, कारण, कोणी दुरुस्त केला, सगळं. पण त्या बगपायी माणसं एकमेकांशी काय बोलली, ते कोणी लिहीत नाही. ते साठत जातं आणि मग चहाच्या वेळी बाहेर येतं.

आमचं ऑफिस सूरतमध्ये, कामरेजच्या रस्त्यावर. माणसं जेमतेम दहा-बारा. काम थोडक्यात असं : एका कंप्युटरच्या पोटात आम्ही दुसरा कंप्युटर चालवतो. आतल्याला म्हणायचं गेस्ट. तो सुरू होताना आधी फर्मवेअर, म्हणजे त्याला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, जागं होतं. मग ते मेमरीची यादी कर्नलला, म्हणजे गेस्टचा कारभार चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमला, देतं, की ही जागा तुझी, ही राखीव, हिला हात लावू नकोस. त्यानंतर ते बाजूला होतं. ही देवाणघेवाण नीट झाली पाहिजे, एवढंच आमचं काम.

हे मी एकदा घरी सांगून बसले. माझे वडील धुळ्याहून आलेले, सगळं आयुष्य लूमवर गेलं. त्यांनी विचारलं, "नेमकं काय काम करस वं तू?" मी म्हटलं, "गेस्टच्या मेमरीची व्यवस्था बघते." वडिलांनी पेपर उघडला. आई मात्र कोसाडच्या आमच्या कॉलनीत सांगून आली, "मनी पोर पाव्हनासनं सगळं दखस."

रविवारी शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. मुलाचं लग्न ठरलं होतं. म्हणाल्या, "वऱ्हाडाला तुझ्या हॉटेलात चार खोल्या मिळतील ना गं?"

सुनंदा पाटील आमच्याकडे आल्या तो इंटरव्ह्यू मला आठवतो. चलथाणच्या एका शाळेत त्या कंप्युटर शिकवायच्या. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांची सात वर्षं घरात गेली. आमचे मुख्य इंजिनिअर देवरेसर कमी बोलणारे, पण बोलले की टोचतं. त्यांनी बायोडेटावर बोट ठेवलं.

"इथे सात वर्षं रिकामी दिसतात."

सुनंदाताईंनी आदल्या आठवड्यात आमचाच विषय वाचून काढला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "रिकामी नाहीत सर. राखीव आहेत."

सरांनी फाइल मिटली आणि विचारलं, "सोमवारी येता?"

मी फर्मवेअर लिहिते, जिग्नेश कर्नलचं बघतो. मध्ये काही दिवस गेस्ट सुरू होता होता मरायचा. मी म्हणायचे, माझी यादी बरोबर आहे. तो म्हणायचा, "मारी बाजू बधुं बराबर छे." आठवडाभर हेच. शेवटी सरांनी आमच्या खुर्च्या बदलल्या. माझा कोड त्याने वाचायचा, त्याचा मी.

जेवणाच्या सुट्टीआधी जिग्नेश माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. "तुझ्या कोडमध्ये चूक सापडली नाही."

"मग?"

"तुझा वाचताना माझी सापडली."

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा.

एम्ब्रॉयडरी मशीन बनवणारे लोक शनिवारी डेमोला येणार होते, आणि गेस्ट वीस-पंचवीस वेळा सुरू केला की एकदा मध्येच अडकून लटकायचा. त्याच आठवड्यात सुनंदाताईंचं प्रोबेशन संपत होतं. त्या डेमोआधी काही सापडलं नाही तर आपलं काही खरं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. डबाही धड खात नव्हत्या.

गुरुवारी दुपारी त्या वही घेऊन सरांकडे गेल्या. मी शेजारीच होते.

"सर, फर्मवेअर यादी देतं तेव्हा त्याच्याकडे असलेली मेमरीची पानं, म्हणजे तुकडे, मी मोजली. बाजूला होतं तेव्हाचीही मोजली. एक पान जास्त भरतं. मधल्या वेळात एकच ओळ चालते."

"कोणती?"

"स्क्रीनवर 'मेमरी दिली, सगळं ठीक' असं छापणारी. ते छापायला फर्मवेअर एक नवं पान घेतं. यादी तर आधीच दिलेली. कर्नलला ते पान मोकळं वाटतं आणि दोघंही त्याच पानावर लिहितात."

सर वही बघत राहिले. "ही ओळ कोणी घातली?"

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"तुम्ही, सर. दोन वर्षांपूर्वी," सुनंदाताई म्हणाल्या.

मग सर म्हणाले, "काढा."

ओळ गेली. शुक्रवारभर गेस्ट शेकडो वेळा सुरू केला, एकदाही लटकला नाही. शनिवारी डेमो झाला. मशीनवाल्यांनी चहा घेतला आणि पुढची तारीख ठरवूनच उठले.

सोमवारी सुनंदाताईंच्या टेबलावर प्रोबेशनचा फॉर्म आला. कायम केल्याची सही होती. त्याखाली एक रकाना असतो, 'सुधारणेची गरज'. सर तो कधी कोरा सोडत नाहीत.

तिथे त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं : 'आर. डी. देवरे'.