चौथ्या दिवशीचा बल्ब
आंब्याच्या मोहोराचा वास आला की माझे खांदे अजून दुखायला लागतात. निलंग्याजवळच्या आमच्या गावात एका साली गारपिटीनं सगळा मोहोर ठेचला, विजेचे खांब आडवे केले आणि लाईट गेली. चार दिवस बोअरची मोटार बंद, पिठाची गिरणी बंद. लांबच्या हापशावरून पाणी वाहून वाहून माझा जीव थकला होता. चौथ्या दिवशी दिवेलागणीला बल्ब लागला. सासूबाईंनी रोजच्या सवयीनं त्याच्याकडं बघून हात जोडले, मीही जोडले आणि भिंतीला टेकून तशीच खाली बसले. तेवढ्यात खांबावरून उतरलेला वायरमन दारात आला. हात खरचटलेले, कपडे चिखलानं भरलेले. त्यानं प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या दिला. सासूबाई म्हणाल्या, "लई उपकार झाले बाबा. आता घरी जाऊन उजेडात निवांत जेव." एका दमात तांब्या रिकामा करून तो म्हणाला, "जेवतो की मावशी, पण अंधारातच. आमच्या गावची लाईन उद्या जोडायची हाय." आता मी लातुरात राहते. संध्याकाळी बटण दाबलं की हात अजून जुळतात, तोंड मात्र खिडकीबाहेरच्या खांबाकडं असतं.