पहिल्या ओळीतली खोट

चहाचा कप हातात देण्याआधीच ती बजावायची, "साखर कमी पडलीय हं." मग प्या, नाहीतर ठेवा. तुमच्या ओळखीत अशी माणसं असतील. माझ्या ओळखीत ती एकटीच, आमच्या शेजारची ताई.

वळण तिच्या वडिलांचं. भिवंडीत लूमवरचं कापड तपासायच्या कामावर ते होते. ताग्यात जिथे धागा तुटलेला किंवा तेलाचा डाग, तिथे काठाला लाल दोरा बांधायचा. घेणाऱ्याला खोट आधी दिसावी म्हणून. शेठ कुरकुरायचा, "काका, इतना धागा मत बांधो, माल पडा रहेगा." ते बांधायचेच.

लेक सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तात्पुरती लागली. रंगाच्या कारखान्यांमागच्या नाल्यातला गाळ आणून त्यातले रंग खाणारे जंतू ती वाढवायची. तिची लालभडक बाटली हळूहळू पाण्यासारखी होताना मी पाहिलीय. तिला यावरच पीएच.डी. करायची होती. पण प्रवेश परीक्षेत कशीबशी तरली. ती परीक्षा म्हणजे पर्यायांवर भराभर खुणा करायच्या, आणि आमची ताई प्रत्येक प्रश्न दोनदा वाचणारी!

अर्जाची पहिली ओळ तिने काय लिहावी? "माझे प्रवेश परीक्षेचे गुण कमी आहेत." बाटलीची हकीकत त्याखाली.

मी डोक्याला हात लावला. "ताई, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?"

"वाईट ते आधी सांगावं. मग माल बघतील."

"कोण बघतंय!"

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातली जमीन गोडाऊनला देऊन गब्बर झालेले तिचे काका सोफ्यावरून म्हणाले, "एवरं शिकून मार्क न्हाय? मग कशाला धरपर? माझ्या गोडाऊनच्या ऑफिसान बस. एसी हाय." काकांच्या जगात शास्त्राचं टोक एसीपाशी संपतं.

बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. मुंबईच्या एका संस्थेने मुलाखतीला बोलावलं. पाच विद्वान बसले होते. मधल्याने पहिली ओळ वाचली आणि हसला. "मॅडम, आमच्याकडे टॉपर रांगेत उभे असतात."

"ही ओळ वाचूनच बोलावलंत ना, सर? मग खालचंही वाचा."

त्याने फाईल मिटली. पाच जणांच्या मिळून पदव्या किती असतील! दुसऱ्या ओळीपर्यंत जायचा दम मात्र एकातही नाही.

मी तडक पत्रक लिहिलं: 'गुणवत्तेच्या दुकानदारांनो, जवाब द्या!' तिने ते दोनदा वाचलं. "यात माझे मार्क कुठायत?"

"ते कशाला टाकायचे? आयतं कोलीत मिळेल त्यांना."

"मग तू आणि तो शेठ सारखेच. दोरा न बांधता माल खपवताय."

मार्क पहिल्या ओळीत टाकले, मगच तिने पत्रक छापू दिलं. संस्थेने अर्थात ढुंकून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केले. परीक्षा तीच, मार्क जवळजवळ तेवढेच, पहिली ओळही तीच. दक्षिणेकडच्या एका विद्यापीठातल्या बाईंचा कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "गाळ नेमका कुठून घेता? आणि सोबत आणाल का?"

एसटी स्टँडवर आम्ही तिला पोचवायला गेलो. तिच्या जुन्या बॅगेची चेन एका जागी तुटली होती. वडिलांनी खिशातून लाल दोरा काढून तिथे बांधला. "इथं जप गो, खराब हाय."

बस सुटली. दोन लाल दोरे मी वडिलांकडून मागून घेतले होते. मुंबईच्या संस्थेतल्या त्या पाच खुर्च्यांना पुरणार नाहीत, पण मधलीपासून सुरुवात करता येईल.