अकराव्या नावाची ओळ

"तुम्ही फुटबॉल खेळायचात ना?" असं कुणी विचारलं की रेवणसिद्ध म्हणायचा, "कागदावर न्हाय." एवढं बोलून तोंड फिरवायचा. नव्या माणसाला वाटायचं, बुवा तिरसट आहे. होताच तो तिरसट. पण ज्याच्यावर तशी वेळ आली त्यानं गोड बोलावं अशी अपेक्षा करणारे लोकही धन्यच म्हणायचे.

तो मूळचा वळसंगचा. सोळाव्या वर्षी सोलापूरला मामाकडे आला आणि गिरणीच्या चाळीपुढच्या मोकळ्या जागेत अनवाणी पायांनी चेंडू अडवायला शिकला. अडवायला म्हणतो, कारण गोल मारायची हौस त्याला कधीच नव्हती. समोरून चेंडू घेऊन येणारा माणूस त्याला उभ्या ज्वारीत शिरलेल्या जनावरासारखा दिसायचा. गिरणीच्या मॅनेजरनं हे हेरलं आणि त्याला संघात बॅक म्हणून घेतलं. नोकरी दिली ती बदली कामगाराची, म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं. एकदा चषक आणा, सगळ्यांना कायम करतो, असं मॅनेजर म्हणाला होता. अकरा वर्षांत चषक तीनदा आला. तो मालकाच्या दिवाणखान्यात गेला आणि पोरं जिथल्या तिथं बदलीच राहिली.

यात एक मेख होती. गिरण्यांच्या स्पर्धेचा नियम असा, की खेळणारा त्या गिरणीत खरोखर काम करणारा पाहिजे. शिवाय खेळण्यासाठी पगार दिला असं कागदावर दिसलेलं मालकाला नको होतं. म्हणून सामन्याच्या दिवशी मुकादमी करणारा कुंडलिक जॉबर अकराही जणांची हजेरी साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर, लावायचा, आणि शेजारच्या विणकरानं काढलेलं थोडं कापडही त्यांच्या नावावर चढवायचा. पोरं मैदानात घाम गाळायची आणि हजेरीचं मस्टर सांगायचं, ती साच्यावर उभी आहेत. सगळ्यांना ठाऊक होतं. आपलंच पोट त्यावर चालतंय म्हटल्यावर बोलणार कोण?

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उठल्यावर, अंतिम सामना झाला. रेवणसिद्धचा संघ एका गोलनं पुढे होता आणि खेळ संपायला दोन-तीन मिनिटं उरली होती. गोलकीपर पुढे धावून चकला. मोकळ्या गोलात चेंडू जात होता. रेवणसिद्धनं मागे पळत येऊन रेषेवर अंग टाकलं आणि चेंडू पायानं बाहेर काढला. त्याच क्षणी समोरच्या गड्याचा बूट त्याच्या गुडघ्यावर पडला. काडी मोडल्यासारखा आवाज कॅप्टन हिंदुरावला दहा हातांवर ऐकू आला. चषक आला. रेवणसिद्धला मात्र फळीवर घालून न्यावं लागलं.

तीन महिन्यांनी तो काठी टेकत गिरणीच्या फाटकाशी गेला, तर पहारेकरी आत सोडेना. मॅनेजर बाहेर आला आणि म्हणाला की खेळ ही तुझी हौस होती, गिरणीचा तिच्याशी संबंध नाही, आणि लंगड्याला साच्यावर उभं करता येत नाही. रेवणसिद्धच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं पहाटे पाचला शिट्टी वाजवून अकरा वर्षं पळवलं, तोच आता हौस म्हणत होता! काठी उगारावी असं त्याच्या मनात आलं. पण तिच्याशिवाय त्याला उभं राहता येत नव्हतं.

हिंदुरावनं त्याला सायकलवर मागे बसवून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे नेलं. अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंना बोलावलं. मॅनेजर ऐटीत मस्टर घेऊनच आला. या माणसाचे दिवसच इतके तुटक भरलेत की त्याला कायम नोकरी मागायचा हक्क नाही, हे त्याला दाखवायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अधिकारी शांतपणे पानं उलटत जानेवारीपर्यंत आला आणि थांबला.

"सामन्याच्या दिवशी हा दुसऱ्या पाळीत हजर आहे. साचा नंबर एकशे अठरा. अडतीस वार कापड काढलंय. मग गुडघा कुठं मोडला?"

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मस्टर खोटं म्हणावं तर अकरा वर्षांची लबाडी उघडी पडणार आणि चषकही परत द्यावा लागणार. खरं म्हणावं तर अपघात गिरणीत झालेला, मग माणसाला नोकरी द्यावी लागणार. अधिकारी सोलापूरचाच होता. सामना त्यानंही पाहिला असणार. पण त्यानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

आठ दिवसांनी मॅनेजरनं तोड काढली. रेवणसिद्धला कायम करू, फाटकाशी बसून कामगारांना हजेरीची तिकिटं वाटायचं काम देऊ. फक्त त्यानं एका कागदावर सही करायची, की त्या दिवशी मी साच्यावर होतो, तिथंच घसरून पडलो, मैदानात गेलोच नव्हतो.

घरी तो कागद त्यानं जमिनीवर आपटला. म्हणाला, "अकरा वर्सात एकच चेंडू आसा आडवला की सगळं सोलापूर उभं ऱ्हायलं. आन् मी लिवून देऊ की मी तितं नव्हतोच?"

त्याची बायको शांतम्मा तीन महिने दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून घर चालवत होती. तिनं कागद उचलून झटकला आणि भाकरीच्या टोपलीवर ठेवला.

"मी तुमाला खेळताना कदी बघितलंच न्हाय," ती म्हणाली. "बायकांनी कुटं जायचं मैदानात? मला दिसतोय त्यो गुडघा. त्यो रोज हितं समोर हाय."

रेवणसिद्धला तिचा राग आला. मग राग येण्यासारखं ती काहीच बोलली नाही हे कळलं, त्याचा त्याहून जास्त राग आला. सकाळी जाऊन त्यानं सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला आणि मॅनेजरला दुसरा काढावा लागला. त्यावरही केली.

गिरणीच्या फाटकाआत पडवीत एक लाकडी पाटी होती. चषक आणलेल्या संघांतल्या खेळाडूंची नावं तिच्यावर सोनेरी रंगात लिहायची रीत होती. रंगारी आला तेव्हा अडचण कळली. सहीच्या कागदाप्रमाणे रेवणसिद्ध खेळलाच नव्हता, मग त्याचं नाव घालणार कसं? मॅनेजरनं सामन्यात राखीव म्हणून बाहेर बसलेल्या ज्ञानूला बोलावलं आणि तुझं नाव घालतो म्हणाला. ज्ञानू सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, वर्षभरापूर्वी लागलेला बदली. त्याला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. तो म्हणाला, "मी खेळलो न्हाय, सायेब. खोटं लिवायचं आसंल तर मलाबी एकांद्या साच्यावर दाखवा, कायमचं."

त्या महिन्यात ज्ञानूला एकदाही काम मिळालं नाही. मॅनेजरनं मग बाकीच्या राखीव खेळाडूंना विचारलं. एकानंही होकार दिला नाही. शेवटी रंगाऱ्यानं दहा नावं लिहिली, अकराव्या नावाची ओळ कोरी सोडली आणि शिडी उचलून गेला. त्या पाटीखालीच तिकिटं वाटायचं टेबल होतं. तिथं रेवणसिद्ध बसू लागला.

चार वर्षांनी मालकाचे एक पाहुणे गिरणी बघायला आले. मालक आणि मॅनेजर बरोबर होते. पाहुण्यांना फुटबॉल कळत असावा. पाटीवरच्या चौऱ्याहत्तरच्या संघावरून बोट फिरवत त्यांनी मोजलं आणि हसून विचारलं, "दहाच? अकरावा कुठं होता?"

मॅनेजर रंग संपल्याचं काहीतरी पुटपुटला. रेवणसिद्ध काठी टेकून उभा राहिला. एरवी मालक आले तरी तो गुडघ्याचं निमित्त करून बसून राहायचा.

"अकरावा दुसऱ्या पाळीला होता, सायेब," तो म्हणाला. "एकशे अठरा नंबरच्या साच्यावर. आडतीस वार कापड काडलं त्यानं. इचारा की मॅनेजरसायबांना, त्यांच्या मस्टरात हाय."

मॅनेजर मालकाकडे बघू लागला आणि मालक जमिनीकडे. रेवणसिद्ध मात्र खाली बसला नाही. पाहुणे फाटकाबाहेर जाईपर्यंत तो त्या कोऱ्या ओळीखाली तसाच उभा होता.